धमाल

सातवीच्या वर्गात मलिक अंबरचा धडा होता. गुरुजींनी तो शिकवला त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत, मी वर्गातल्या एका काळ्यासावळ्या मुलाचे नाव ‘हबशी’ ठेवले. सारा वर्ग खो खो हसला. ते नाव त्याला दहावीपर्यंत चिकटले. मला मात्र त्याच धड्यावरच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळाले!

हे सारे मी विसरूनही गेलो होतो. गेल्या वर्षी सुट्टीत अंकलेश्वरला मामांकडे गेलो. मामा म्हणाले, “चल, तुला बावा गोरचा उरूस दाखवतो. सिद्दी लोकांची धमाल बघ एकदा.” आपल्याकडे धमाल म्हणजे मौजमजा. त्याच कल्पनेने निघालो.

झगडिया तालुक्यात रतनपूरजवळच्या टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. त्यांचे बंधू बावा हबश आणि भगिनी माई मिसरा यांचीही स्थाने तेथेच आहेत. या भागात अकीक सापडतो. तो खंभातला घडवला जाई आणि त्याचे मणी गलबतांतून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जात. त्याच समुद्रावरून इकडे माणसे आली. कुणी व्यापारी, कुणी खलाशी, कुणी शिपाई. आणि कितीतरी जण गुलाम म्हणून विकलेले. बावा गोर हे हबश देशातून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूने आले आणि अकिकाचा व्यापार त्यांनीच वाढवला, अशी भाविकांची श्रद्धा आहे. दर्शनाला मुसलमान होते, तसे हिंदूही होते.

पायऱ्यांवर माझ्याच वयाचा, कुरळ्या केसांचा एक मुलगा भेटला. मी ऐटीत इंग्रजीतून विचारले, “तू आफ्रिकेतून आलास का?” तो हसला आणि हिंदीत म्हणाला, “भाई, मैं तो भरूच का हूँ। बाहर के तो आप हैं।” मामाही हसले. मी ओशाळलो.

रात्री धमाल सुरू झाली. तिला ‘गोमा’ असेही म्हणतात. स्वाहिली भाषेत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल आणि नाचही. शहरातल्या रंगमंचावर हेच कलावंत मोरपिसे लेवून, तोंडे रंगवून नाचतात. इथे साधे शर्ट-लेंगे होते. गळ्यात अडकवलेला मुसिंडो, जमिनीवर उभा असलेला मोठा मुगरमान, आणि धनुष्याला भोपळा बांधावा तसा एकतारी मलुंगा. ठेका आधी संथ होता. मग तो असा चढत गेला की छातीत घुमू लागला. एकाने नारळ उंच उडवला आणि डोक्यावर झेलून फोडला! मी टाळी वाजवणार, तोच शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडे लक्ष गेले. त्यांचे डोळे मिटलेले होते, हात जोडलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होते. माझे हात तसेच खाली आले. ही मौज नव्हती, ही उपासना होती. दूर देशाहून आणलेल्या माणसांची भाषा गेली, नावे गेली. पण ढोल त्यांनी जपून ठेवला होता.

त्या ठेक्यात मला एकदम आमचा वर्ग आठवला. ते हसणेही आठवले. ज्या शब्दात एका देशाचे नाव आहे, त्याची मी शिवी केली होती.

दिवाळीत गावी गेल्यावर मुद्दाम त्याच्याकडे गेलो. तो आता वडिलांची पिठाची गिरणी चालवतो. त्याने पट्टा थांबवला. मी अडखळत सारे सांगितले. वाटले, तो म्हणेल, “जाऊ दे रे, लहान होतो.” तो तसे म्हणाला नाही. हातावरचे पीठ झटकत म्हणाला, “तू विसरला असशील. मी नाही विसरलो. तो धडा मला कधी वाचवलाच नाही. परीक्षेत तो प्रश्न मी सोडून दिला होता.”

मला काही बोलता येईना. थोड्या वेळाने त्यानेच चहा मागवला आणि विचारले, “काय होतं रे त्या धड्यात?”

मग मी सांगितले. हबश देशातला एक मुलगा बाजारात विकला गेला, हात बदलत दख्खनेत आला, आणि निजामशाहीचा वजीर झाला. मोगलांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले. १६१० मध्ये त्याने खडकी शहर वसवले, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे नहर काढून पाणी आणले. १६२६ मध्ये तो वारला. खुलदाबादला त्याची कबर आहे.

तो ऐकत होता. चहा निवून गेला होता. शेवटी म्हणाला, “गुरुजींनी हेच सांगितलं होतं?”

“हो,” मी म्हणालो, “हेच.”