ढिला पट्टा, सडिल पट्टा

आमची जुनी पिकअप बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात भाजी नेते. अशा अनेक जुन्या इंजिनांत पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर एकाच बेल्टवर फिरतात. तो घसरू लागला की घाटात इंजिन तापते, बॅटरी उतरते. म्हणून निघण्यापूर्वी, इंजिन बंद व थंड असताना, आम्ही दोन पुल्यांच्या मधोमध पट्टा अंगठ्याने दाबून पाहतो. तो साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. नेमके माप गाडीच्या पुस्तिकेत असते. अधिक दबला तर ढिला. दबलाच नाही तर बेअरिंगवर भार.

आमचे मिस्त्री कन्नडभाषक. ढिल्या पट्ट्याला ते ‘सडिल’ म्हणतात. आपला ‘ढिला’, दान करताना येणारा ‘सढळ’ आणि त्यांचा ‘सडिल’ हे तिघेही ‘शिथिल’ या एकाच संस्कृत शब्दाचे वंशज. आमची मुले मात्र सरसकट ‘लूज’ म्हणतात. इंग्रजीशी आमचे वैर नाही. ‘बेल्ट’ आम्हीही म्हणतोच. परंतु ‘ढिला’ विसरला गेला, तर शेजाऱ्याच्या ‘सडिल’शी असलेले नातेही आपल्याला ओळखू येणार नाही. मुलांना पट्टा दाबायला शिकवताना हा शब्दही शिकवावा.