'एकदम भारी'च्या पुढे काय? : खाण्यावर लिहिण्याच्या दोन तासिका



आज माझ्या एका फसलेल्या तासिकेबद्दल लिहिते आहे. फसली म्हणूनच तिच्यातून काहीतरी हाती लागलं.

रात्रीची कामं उरकली की मलाही मोबाईलवर खाण्याचे व्हिडिओ बघायची सवय आहे. कुठली मिसळ, कुठला तांबडा-पांढरा रस्सा, कुठल्या गल्लीतला वडापाव. माझ्या चौथीच्या वर्गातली मुलंही हेच बघतात, मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल करतात. मनात आलं, मुलांना हे इतकं आवडतं तर यावरच लिहायला देऊ. फळ्यावर विषय लिहिला, 'मला आवडलेलं हॉटेल'. दहा ओळी.

वह्या आल्या २६. त्यातल्या १७ वह्यांत 'एकदम भारी' होतं. उरलेल्यांत 'एक नंबर', 'लय टॉप', 'नादखुळा'. एकाने तर सुरुवातच 'नमस्कार मंडळी, आज आपण आलोय' अशी केली होती. काय खाल्लं ते कळत होतं, पण कसं लागलं ते एकाही वहीत नव्हतं. यात मुलांची चूक नाही. व्हिडिओतला माणूस घास घेतो, डोळे मिटतो, मान हलवतो आणि 'भारी' म्हणतो. बाकीचं काम त्याचा चेहरा करतो. लिहिणाऱ्याकडे चेहरा नसतो, शब्दच असतात.

पण खरी गडबड वेगळीच होती. दोन वह्या कोऱ्या होत्या. पहिली एका मुलीची. जवळ बोलावून विचारलं तर हळूच म्हणाली, "बाई, मी हाटेलात गेलेच न्हाई कधी." दुसरी मागच्या बाकावरच्या मुलाची. तो म्हणाला, "माझं पप्पा हायवेच्या ढाब्यावर कामाला हायेत. पण आमी तिथं बसून कधी खाल्लं न्हाई."

खरं सांगते, मला ओशाळल्यासारखं झालं. मी भाषेचा प्रश्न विचारला असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी विचारलं होतं, 'तुमच्या घरी हॉटेलात जायला पैसे आहेत का?' आणि तेही सगळ्या वर्गासमोर.

दुसरी तासिका

दुसऱ्या दिवशी विषय पुसला आणि चवीपासून सुरुवात केली. घरून चिमूट-चिमूट आणलं होतं: गूळ, चिंच, मीठ, मिरपूड, मेथीदाणे आणि आवळ्याची सुपारी. सगळ्यांनी चाखायचं आणि शब्द सांगायचा, अट एकच, 'भारी' म्हणायचं नाही. आधी वर्ग गप्प. मग एकेक शब्द यायला लागला. आंबट, तुरट, कडवट, झणझणीत. मग घरातले आले: अळणी, मिळमिळीत, खमंग, खरपूस, पिठूळ, आंबूस. फळा भरला. एक मुलगी म्हणाली, "आजी भाकरीला करपट म्हणते, ते लिहू का?" लिही की!

इथे शिक्षकांसाठी एक गंमत सांगते. आयुर्वेदातले सहा रस म्हणजे मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय. त्यातला 'कटू' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. आपला 'कडू' हा शब्द 'कटु'पासूनच आला, पण मराठीत येता येता त्याने चव बदलली. मोठ्या वर्गांना हे सांगून बघा.

मग पाट्यांकडे वळलो. आपल्याकडे जेवणाच्या जागेला सर्रास 'हॉटेल' म्हणतात, मग तिथे राहायची सोय असो वा नसो. पाटीवर मात्र 'उपहारगृह' लिहिलेलं दिसतं. 'उपहार' म्हणजे भेटवस्तू. खाण्याचा तो 'उपाहार', उप अधिक आहार. एका कान्याने नाश्त्याची भेटवस्तू होते. मुलं आता रस्त्याने जाताना पाट्या तपासतात.

त्यानंतर विषय दिला, 'एक पदार्थ आणि तो करणारं माणूस'. पदार्थ कुठलाही चालेल, घरचा, जत्रेतला, ढाब्यावरचा, शाळेतला.

कालच्या कोऱ्या वहीवाल्या मुलाने दीड पान लिहिलं. सुट्टीत तो वडिलांबरोबर ढाब्यावर थांबला होता. संध्याकाळच्या गर्दीआधी पोतंभर कांदा सोलतात. डोळ्यांतून पाणी येतं, पण हात थांबत नाही. सकाळीच मोठ्या पातेल्यात कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही करून ठेवतात आणि ऑर्डर आली की त्याच ग्रेव्हीत कधी पनीर पडतं, कधी काजू, कधी मटार. हे वाचल्यावर वर्गात एकच गलका. "म्हंजी सगळ्या भाज्यांची ग्रेव्ही एकच?" कित्येकदा ढाब्यावर गेलेल्या मुलांना हे ठाऊक नव्हतं. शेवटची ओळ होती, 'पप्पा रात्री घरी येऊन आमटी-भाकरीच खातात. म्हणतात मसाल्याच्या वासानेच पोट भरतं.' त्या दिवशी वर्गातला जाणकार तोच होता.

दुसऱ्या मुलीने शाळेच्या खिचडीवर लिहिलं. 'मंगळवारची खिचडी पातळ होती. मटकी दाताखाली कचकन लागली. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, मटकी उशिरा भिजत घातली. मसाला चांगला होता. मी दोनदा घेतली.' बघा, चव आहे, कारण आहे, चांगलंही सांगितलंय आणि शेवटी पुरावासुद्धा आहे!

हे मावशींसमोर वाचू द्यावं का, यावर मी खूप विचार केला. तुटपुंज्या मानधनावर त्या रोज एवढ्यांचं शिजवतात, त्यांना लागलं तर? शेवटी त्यांनाच विचारलं. त्या आल्या, पदराला हात पुसत ऐकलं, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "लिवलंय ते खरं हाय." पुढच्या मंगळवारी मटकी मऊ होती. आणि वाढून घेताना मुलं पहिल्यांदाच म्हणाली, "मावशी, आज मस्त शिजलीय."

त्यावरून गणितही झालं. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, असं प्रमाण ठरलेलं आहे. आपल्या पटाला किती किलो लागेल? गुणाकार मुलांनी आपणहून केला.

पालकांसाठी थोडंसं

मुलं हे व्हिडिओ बघणारच. बंदी घालण्यापेक्षा शेजारी बसा आणि विचारा, 'याने जेवणाचे पैसे दिले असतील, की याला बोलावण्याचे पैसे मिळाले असतील?' पैसे किंवा फुकट जेवण घेऊन केलेली शिफारस ही जाहिरात असते आणि तसं स्पष्ट लिहावं, असे नियम जाहिरात क्षेत्रातल्या एएससीआय या संस्थेने २०२१ मध्ये केले आहेत. ती बारीक अक्षरं मुलांना शोधायला लावा. बाहेर जेवायला गेलात तर भिंतीवरचा एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांकही शोधायला सांगा. तो व्हिडिओत सहसा दाखवत नाहीत.

आणि बाहेरचं जेवण म्हणजे फक्त एसी हॉटेल नव्हे, हेही सांगा. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगार खाणावळीत जेवत. त्या खाणावळी बायका आपल्या छोट्याशा खोलीत चालवत. या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मी हे सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "माझी आत्या पुण्यात डबे देते, ती पण त्यातलीच का?" त्यातलीच रे बाबा.

वर्गात करून बघा

१. चवीच्या शब्दांचा तक्ता. रोज एक नवा शब्द, शक्यतो घरातल्या मोठ्यांना विचारून.
२. पदार्थ करणाऱ्याला तीन प्रश्न: कधी उठता, सगळ्यात अवघड काय, स्वतः काय खाता?
३. पाच ओळींचं परीक्षण. त्यात एक चांगली गोष्ट, एक उणीव आणि उणिवेचं कारण हवंच.

एकच विनंती. 'तू कुठे जेवलास?' असं विचारू नका, 'तू काय चाखलंस?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला माझ्या वर्गात दोन वह्या कोऱ्या राहिल्या होत्या. दुसऱ्याला एकही नाही.

तुमच्या वर्गातले चवीचे शब्द मला जरूर कळवा. आमच्या फळ्यावर अजून जागा आहे.