फ्लिंटच्या रिकाम्या घरांची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे डेट्रॉइटला दोन महिने राहून आलो. नायगरा पाहून झाला, शिकागो झालं. मग एका शनिवारी ती म्हणाली, "बाबा, आज धबधबे नाहीत आणि उंच इमारतीही नाहीत. आज फ्लिंटला जाऊ."

डेट्रॉइटपासून वायव्येला तास-सव्वा तासाच्या अंतरावर हे गाव आहे. सॅगिनॉ स्ट्रीट हा तिथला मुख्य रस्ता, विटांनी बांधलेला. वर लोखंडी कमान आणि तिच्यावर अक्षरं : 'व्हेइकल सिटी', म्हणजे गाड्यांचं शहर. जनरल मोटर्स कंपनी १९०८ साली इथेच सुरू झाली. १९६० मध्ये फ्लिंटची लोकसंख्या १ लाख ९७ हजारांच्या आसपास होती. पुढे एकेक कारखाना बंद पडला, माणसं कामाच्या शोधात निघून गेली आणि २०२० च्या जनगणनेत इथे उरले सुमारे ८१ हजार लोक.

माणसं गेली, घरं मात्र तिथेच राहिली. मुख्य रस्ता सोडून आम्ही वस्तीत शिरलो. दोन नांदती घरं, मग गवताळ मोकळी जागा, मग खिडक्यांना फळ्या ठोकलेलं एक घर, पुन्हा मोकळी जागा. पडलेल्या दातांसारखी ती गल्ली दिसत होती. घरं लाकडी. हिवाळ्यात आतले नळ गोठून फुटले आणि छत गळायला लागलं, की अशी घरं फार वर्षं टिकत नाहीत.

"या घरांचे मालक कुठे असतील?" मी विचारलं. तिथून आमचा विषय लँड बँकेवर आला.

आपल्याकडे लँड बँक म्हटलं की कारखान्यांसाठी सरकारने राखून ठेवलेली जमीन आठवते. तिथली लँड बँक वेगळी. मालक निघून गेला, घराचा कर थकला, की पूर्वी अशी मालमत्ता वर्षानुवर्षं कोर्टकज्जात अडकायची. लिलाव झालाच तर लांबचा एखादा सटोडिया ती न पाहताच विकत घ्यायचा आणि तशीच सोडून द्यायचा. मिशिगन राज्याने १९९९ मध्ये कायदा बदलला. थकबाकी तशीच राहिली तर सुमारे तीन वर्षांत, कोर्टाच्या आदेशाने, मालकी निर्वेध होऊन सरकारकडे येऊ लागली. पण ती घेऊन करायचं काय? त्यासाठी जेनेसी काउंटीचे, म्हणजे फ्लिंट ज्या जिल्ह्यात येतं तिथले, तेव्हाचे खजिनदार डॅन किल्डी यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये इथली लँड बँक सुरू झाली. अशा जागा ताब्यात घ्यायच्या, घर दुरुस्त होण्यासारखं असेल तर दुरुस्त करून विकायचं, नसेल तर पाडायचं आणि जमीन कोणाच्या तरी हाती सोपवायची, हे तिचं काम.

गावाच्या मध्यावर आठ मजली ड्युरंट हॉटेल आहे. १९२० मध्ये उघडलेलं आणि १९७३ मध्ये बंद पडलेलं. तीन दशकं ते नुसतं उभं होतं. लँड बँकेने ते ताब्यात घेतलं, भागीदार मिळवले आणि २०१० मध्ये तिथे लोक भाड्याने राहायला आले.

पण मला खरं लक्षात राहिलं ते गवत. एका कोपऱ्यावर चार-पाच जण यंत्राने गवत कापत होते. त्यातले सत्तरीचे एक गृहस्थ थांबून आमच्याशी बोलले. त्यांच्या चर्चच्या गटाने आसपासच्या बऱ्याच रिकाम्या जागा सांभाळायला घेतल्या होत्या. लँड बँकेची 'क्लीन अँड ग्रीन' नावाची योजना आहे. वस्तीतले गट उन्हाळाभर ठरावीक दिवसांनी गवत कापतात, कचरा उचलतात, कुठे फुलझाडं, कुठे भाज्या लावतात, आणि लँड बँक त्यांना त्याचं मानधन देते. "गवत वाढलं की लोक रात्री येऊन जुने टायर टाकून जातात," ते म्हणाले. "कापलेलं असलं की नाही टाकत." मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी फ्लिंटमध्ये याची मोजदादही केली. लोकांनी निगा राखलेल्या रिकाम्या जागांच्या रस्त्यांवर, दुर्लक्षित रस्त्यांच्या तुलनेत, मारहाणीचे आणि हिंसक गुन्हे जवळपास ४० टक्के कमी आढळले.

दुसरी सोय शेजाऱ्यांसाठी. घराला लागून लँड बँकेची मोकळी जागा असेल, तर शेजारी ती अल्प किमतीत घेऊ शकतो. डेट्रॉइटमध्ये तर अशी जागा १०० डॉलरला मिळते. कुणी तिथे झोपाळा बांधतं, कुणी टोमॅटो लावतं.

सगळं गोडच आहे असं नाही. थकलेल्या करापायी गरिबाचं राहतं घरही जाऊ शकतं. पाडायच्या घरांची यादी लांब असते, पैसा अपुरा पडतो. आणि गवत कापल्याने गेलेली माणसं परत येत नाहीत. पण उरलेल्यांना तिथे राहावंसं वाटतं, एवढं मात्र होतं.

परतताना गाडीत मी गप्प होतो. मुलीने कारण विचारलं नाही, तिला ठाऊक होतं.

इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर आहे. काकू गेल्यापासून अकरा वर्षं कुलूपबंद. वारस आम्ही पाच जण. इंदूर, पुणे, टोरांटो असे विखुरलेले. नामांतरण राहिलंय, कारण कुणालाच घाई नाही. भिंतीत पिंपळ उगवलाय. शेजारच्या वहिनींनी दोनदा निरोप पाठवला होता, की आमच्याकडच्या पाण्याने त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत ओल धरते. मी दोन्ही वेळा "बघतो" म्हणालो होतो. आपल्या मनात ते आजोबांचं घर, बालपणीची आठवण. वहिनींसाठी मात्र ते फळ्या ठोकलेलं घर!

आल्यावर पहिल्याच आठवड्यात कुलूप उघडलं. गंजलं होतं, तेल घालावं लागलं. गच्चीची पन्हळ मोकळी करून घेतली, पिंपळ काढला, थकलेला संपत्ती कर भरला. वहिनींकडे जाऊन माफी मागितली, चहा घेतला. मग पाचही जणांचा फोन जुळवला. पुढची खोली आणि अंगण गल्लीतल्या मुलांना संध्याकाळी अभ्यासाला द्यायचं, याला तिघे तयार आहेत. चौथ्याला कागदावर लिहून हवंय, आणि ते बरोबरच आहे. पाचव्याचं उत्तर यायचंय.

तुम्हा तरुण मंडळींपैकी अनेकांच्या नावावर उद्या असं एखादं घर येणार आहे. ते विकायचं की ठेवायचं, हा तुमचा प्रश्न. पण तोवर किल्ली कुणाकडे आहे, कर कोण भरतं आणि शेजारी कोण राहतं, एवढं या दिवाळीत घरी आलात की विचारून ठेवा.