कोठ्याच्या कुडाला तिरपं लाकूड

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी वादळ आलं आणि वावरातला आमचा कोठा वीतभर कलला. आमचं गाव केळापूर तालुक्यात. कोठ्याला सागाच्या बल्ल्यांची चौकट, मधे तुराट्यांचा कूड, वरून माती. सगळं वडिलांच्या हातचं. आदल्या वर्षीच मी कवेलू उतरवून टिनं टाकली होती. कवेलूंच्या ओझ्यानं चौकट दबून बसायची. टिनं हलकी, त्यांना वारा खालून उचलतो. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पाडून विटांचा बांधावा, असं मी ठरवलं होतं. पोडावरचे कोलाम मिस्त्रीकाका आले, त्यांनी खांब हलवून पाहिला. "कूड चांगला हाये बाबू. चौकटीले तिरपं काहीच नाई, मंग वाऱ्यानं ढकललं का कलते." अंगणातल्या ढिल्या बाजेला त्यांनी हात लावला, ती डुगडुगली. दोन पायांना तिरपी काठी बांधली, तशी त्या बाजूनं ती हलायची थांबली.

मग ओळंबा धरून, दोरांनी ओढून खांब सरळ केले. उधईनं खाल्लेली बुडं कापली. खाली गिट्टी-सिमेंटचे ठोकळे ओतले आणि त्यांत रोवलेल्या लोखंडी पट्ट्या खांबांना बोल्टानं आवळल्या. वर आडव्या बल्लीलाही तशाच पट्ट्या, म्हणजे टिन उचललं तरी ताण थेट पायापर्यंत जावा.

उत्तरेची बाजू पुरती गेली होती. तिची चौकट जमिनीवरच आडवी जोडली. काकांनी दोरीनं समोरासमोरचे कोपरे मोजले. दोन्ही मापं सारखी भरेपर्यंत एक कोपरा हळूहळू ठोकत राहिले. कोपऱ्यालगतच्या प्रत्येक खणात तिरपी बल्ली बसवली, एकीचा कल इकडे तर दुसरीचा तिकडे, कारण वारा दोन्हीकडून येतो. नुसता खिळा त्यांना चालत नव्हता. टोकाला खाच पाडून बल्ली कोपऱ्यात घट्ट बसवायची, खिळा त्यानंतर. चौघांनी मिळून ती बाजू उभी केली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंतींखाली माणसं गाडली गेली. तेव्हापासून वडील हलक्या भिंतीचंच नाव घ्यायचे. मी मात्र विटा आणायला निघालो होतो, याचं आजही वाईट वाटतं.

कुटार घालून चार दिवस भिजवलेली माती आईनं थापली. वाळल्यावर तिरप्या बल्लीच्या रेषेवर केसासारखी भेग पडली. दर दिवाळीआधी आई तेवढी शेणामातीनं बुजवते.