उमरीची वाट आणि जुनी लेडीज सायकल

नांदेडहून गाडीत बसलं, की मुदखेडनंतर थोड्याच वेळात उमरी येतं. पुढं धर्माबाद, आणि त्याच्याही पुढं तेलंगणात बासरचं सरस्वतीचं देऊळ. त्यामुळं डब्यात मराठी, तेलुगू आणि दखनी अशा तिन्ही भाषा एकाच बाकावर बसलेल्या असतात. पूर्वी ही लाईन मीटरगेज होती, आता ब्रॉडगेज झाली आहे. उमरी मोठं गाव नाही, पण कापसाची बाजारपेठ म्हणून जुन्या काळापासून नावाजलेलं. हैदराबाद मुक्तिसंग्रामात, १९४८ च्या जानेवारीत, स्वातंत्र्यसैनिकांनी इथलीच बँक लुटून तो पैसा लढ्याच्या कामी लावला होता. जवळच गोरटे आहे. ‘श्रीगजानन विजय’ लिहिणाऱ्या संतकवी दासगणू महाराजांचं स्थान म्हणून भाविकांची तिथं नेहमी ये-जा असते.

या उमरीत माझ्या नणंदेचं घर आहे. वन्संनी साठी ओलांडली आहे. यंदा त्यांच्याकडे गेले तर ओसरीवर एक काळी लेडीज सायकल उभी! वाकवलेला दांडा, साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी, चेनवर पूर्ण झाकण आणि पुढच्या नळीवर हर्क्युलिसचा पितळी बिल्ला. गेल्या खेपेला तर याच जागी त्यांच्या पुण्याच्या मुलानं आईच्या व्यायामासाठी पाठवलेली नवी कोरी गिअरची सायकल होती. एका हातानं उचलावी इतकी हलकी, आणि किंमत ऐकून माझे डोळे पांढरे झाले होते.

“ती कुठं गेली?” मी विचारलं.

“दिली बदलून,” वन्सं म्हणाल्या. “वहिनी, ती सायकल लई गुणाची, पण ती काही माझी नव्हती.”

मग सगळं कळलं. ती रेसची सायकल गुळगुळीत डांबरी रस्त्यावर पळण्यासाठी केलेली. हँडल खाली वाकलेलं, त्यामुळं बसणारीनंही वाकायचं. पाठ धरायला लागली. चेन उघडी, म्हणजे साडी नेसून बसायची सोय नाही. मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरिअर नाही. चक्कीवर दळण न्यायचं तर ठेवायचं कुठं? टायर बोटभर रुंदीचे. आपल्या काळ्या रानातली वाट पावसाळ्यात कशी होते, हे मराठवाड्यातल्या बाईला सांगायला नको. चिखलाचे गोळे चाकाला धरतात आणि चाक जागीच बसतं. त्यात त्या ट्यूबचा वॉल इतका बारीक, की गावातल्या दुकानाच्या पंपाचं तोंडच त्याला बसेना!

याउलट काळ्या सायकलीची चाकं मोठी, अठ्ठावीस इंची. टायर दीड इंच रुंद, त्यात हवा तुलनेनं कमी लागते, म्हणून खड्ड्याचा दणका कंबरेपर्यंत पोचत नाही. हँडल उंच, त्यामुळं बाई ताठ बसते आणि रस्त्यावरचं माणूस ओळखून ‘काय बाई, बरं आहे का’ असं बोलूही शकते. वजन मात्र अठरा-वीस किलोच्या घरात. “चढ आला की उतरते अन् हातात धरून चालते. मला कुठं शर्यत जिंकायची?” वन्सं म्हणाल्या.

नांदेडला ओळखीच्या एका घरात आजीची सायकल वर्षानुवर्षं जिन्याखाली पडून होती. त्या घरातल्या तरुण नातवाला सायकलच्या शर्यतींचा नाद. त्याला हलकी हवी होती, यांना जड! पैशांची देवघेव न होता सौदा जमला. मुलाला आधी वाईट वाटलं. “आई, ती महागाची होती गं,” तो फोनवर म्हणाला. वन्संनी मग त्याला एक जुनी गोष्ट सांगितली. ती त्यानं कधी ऐकली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

वन्सं शाळेत होत्या, तेव्हा गावात येणाऱ्या सरकारी नर्सबाईंकडे अशी सायकल होती. नर्सबाई पांढरी साडी नेसून, पिशवी अडकवून खेडोपाडी जायच्या. घरात सायकल होती ती भावाची, म्हणजे आमच्या यांची. वन्संनी ती रानात नेऊन दांड्याखालून पाय घालून, अर्धं पायडल मारत शिकून घेतली. पण गावातून चालवायची नाही, असा सासूबाईंचा सक्त हुकूम. “लोक काय म्हणतील?” सातवीनंतरची शाळा लांब होती. भाऊ सायकलवर गेला, वन्सं घरी राहिल्या. “मला सायकल हवी होती ती त्या नर्सबाईंची,” त्या मला म्हणाल्या. “लेकानं दिली ती त्याच्या मनातली होती.” मी काय बोलणार? त्या भावाची मी बायको!

एका सायकलनं किती फरक पडतो, याचं मोठं उदाहरण तामिळनाडूतलं आहे. पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्याला जोर दिला, सायकलींसाठी कर्जाची सोय केली. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला, तेव्हा बायकांनी सरळ पुरुषांच्या सायकली घेतल्या. पुढच्या दांड्यावर मूल बसवता येतं, हा त्यांना उलट फायदाच वाटला! बिहारनं २००६ साली शाळकरी मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, आणि आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून खेड्यातल्या मुलींना त्या मिळू लागल्या. वन्संच्या वेळी हे काही नव्हतं.

आता या जुन्या सायकलचे भाग मिळतात का, असं तुम्ही विचाराल. गंमत म्हणजे सहज मिळतात. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये स्थापन झालेल्या टी. आय. सायकल्सनं हर्क्युलिस काढली, सोनपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस आली, लुधियान्याला १९५६ मध्ये हिरो. ‘काळी सायकल’ सगळ्यांची जवळजवळ एकाच इंग्रजी घडणीची. त्यामुळं टायर, ट्यूब, छर्रे, वॉलट्यूब तालुक्याच्या गावातही मिळतात. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद पडला. पण तिच्या सायकली गावोगाव अजून चालताहेत. जुन्या सायकलींचा थाट पाहायचा असेल, तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं संग्रहालय २०१७ पासून आहे. महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली बी.एस.ए.ची घडीची सायकलसुद्धा तिथं आहे.

तुमच्या माळ्यावर किंवा जिन्याखाली अशी एखादी सायकल असेल, तर वन्संनी सांगितलेल्या या चार गोष्टी ध्यानात ठेवा. फ्रेमच्या जोडावर भेग असेल किंवा रिम गंजून आरपार गेली असेल, तर ती चालवायचा हट्ट धरू नये. टायर, ट्यूब आणि ब्रेकचे रबर दिसायला बरे असले, तरी नवेच घालावेत. ओव्हरहॉलिंग करताना जुनं ग्रीस पूर्ण काढून, छर्रे बदलून मग नवं भरावं. चाकांचा आऊटही त्याच वेळी काढून घ्यावा. चकचकीत भागांवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून घासला तर निघतो. मग कोरडं पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवावा. कातड्याच्या सीटला तेल चोपडू नये, ती सैल पडते. जुना रंग खरवडून नवा देण्याची घाईही नको. सोनेरी रेघा एकदा गेल्या की परत येत नाहीत.

आणि एक सावधगिरी. या सायकलींचे दांड्याचे ब्रेक लोखंडी रिमवर पावसात नीट धरत नाहीत. तेव्हा पावसाळ्यात हळू चालवावं, आणि ब्रेक बराच आधी दाबावा.

वन्सं रोज सकाळी दळण, भाजी, बँकेचं काम असं सगळं सायकलवर उरकतात. एकादशीला गोरट्यालाही जाऊन येतात. लोक काय म्हणतात, असं मी विचारलं. “पहिले आठ दिवस हसले,” त्या म्हणाल्या, “आता शेजारची सून विचारते, ‘अक्का, मला शिकवता का?’”

तेव्हा मैत्रिणींनो, भंगारवाला दारात आला आणि घरातली जुनी सायकल काढायची ठरली, की वजनकाटा आणण्याआधी घरातल्या बाईला एकदा विचारा. आणि नवी घेऊन द्यायची असेल, तर तिला कुठली हवी ते आधी विचारा.