तिऱ्हाईत

मोटारसायकल या विषयावर आपल्या मासिकात कोणी लिहिल्याचे मला स्मरत नाही. पण हल्ली सप्ताहाच्या मंडपाबाहेर चपलांच्या बरोबरीने मोटारसायकली उभ्या असतात आणि आपली टाळकरी पोरे त्यांवरूनच येतात-जातात. मीही बावीस वर्षे राजदूतवर कीर्तने केली. पुढे मी, मागे आमचे मृदंगबुवा आणि त्यांच्या मांडीवर खोळीतला मृदंग. तेव्हा विषय मला परका नाही. चार शब्द गोड मानून घ्यावेत.

नातवाला नोकरी लागून तीन वर्षे झाली. यंदा त्याने गाडी मनात धरली ती केटीएम ड्यूक 390. ही गाडी चाकणला तयार होते. आळंदीहून चाकण म्हणजे वारकऱ्याच्या पायाला एका सकाळची वाट. म्हणजे माउलींच्या शेजारचीच म्हणायची. नातू म्हणाला, "आबा, ही नेकेड बाइक आहे."

"म्हणजे रे काय?"

तो जरा लाजला. मग म्हणाला, "म्हणजे पुढून प्लॅस्टिकचं कवच नसतं. इंजिन, सांगाडा, सगळं उघडं दिसतं."

"मग दिगंबर म्हण की."

तेव्हापासून आमच्या घरात तिचे नाव दिगंबर पडले. मला हे उघडेपण आवडले, हे खरे सांगतो. राजदूतचेही सगळे डोळ्यांसमोर असे. कोठे तेल गळते, कोणती तार सैल झाली, हे वाकून पाहिले की कळे.

शोरूममधल्या मुलाने नातवाचे लायसन पाहिले, कागदावर सही घेतली, दोघांना हेल्मेट दिले. माझे धोतर पाहून तो म्हणाला, "महाराज, तुम्ही इथंच बसा, चहा घ्या." मी म्हटले, चहा आल्यावर. ज्या गाडीवर मला मंदिरात जायचे आहे तिच्यावर बसून पाहायला नको काय? कासोटा घट्ट केला, उपरणे कमरेला बांधले आणि चढलो. चढलो हाच शब्द बरोबर. मागची बैठक उंच, आणि रुंदीला वीतभर. पाय ठेवायचे दांडे इतके वर की गुडघे छातीशी आले. मागे बसणाऱ्याला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून अर्धे चाक झाकणारी आडकाठी असलीच पाहिजे, असा केंद्राच्या मोटार वाहन नियमांत 123 क्रमांकाचा नियम आहे. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. शोभा जाते म्हणून पोरे ते काढून ठेवतात. धोतराला आणि लुगड्याला तेवढाच आधार आहे. आयाबायांना मागे बसवणाऱ्या प्रत्येकाने ते आहे की नाही हे आधी पाहावे.

गाडीचे वजन साधारण 168 किलो आणि ताकद 46 अश्वशक्ती. रिंगणात आपण दोन अश्व पाहतो आणि लाखभर माणूस श्वास रोखून उभे राहते. येथे एका पोराच्या मांडीखाली शेहेचाळीस. नातवाने मूठ जराशी पिळली तर माझे डोके मागे गेले. ओरडलो नाही, पण त्याचा खांदा धरला. मग शोरूममागच्या मोकळ्या रस्त्यावर गेल्यावर म्हटले, "आता वेग नको दाखवू. थांबवून दाखव." त्याने साठच्या वेगातून दोन्ही ब्रेक दाबले. गाडी कोठे घसरली नाही, वाकडी झाली नाही. पायाखाली थरथर जाणवली आणि उभी राहिली. ती थरथर म्हणजे एबीएस. चाक जाम होऊ लागले की यंत्र क्षणभर ब्रेक सोडते आणि पुन्हा धरते, सेकंदात कितीतरी वेळा. मृदंगावर बोटे नाचावीत तसे. राजदूतला असे काही नव्हते. ओल्या रस्त्यावर मागचा ब्रेक जोरात दाबला की गाडी आडवी.

परत आल्यावर त्या मुलाने पडद्यावर पावसाचा मोड दाखवला, तो मला आवडला. मग मोठ्या हौसेने दाखवले की मागच्या चाकाचा एबीएस बंदही करता येतो. मी विचारले, कशासाठी? तो म्हणाला, चाक मुद्दाम घसरवायची मजा असते. यावर मी काही बोललो नाही. नातवाकडे मात्र पाहिले.

खरा प्रसंग विम्याच्या टेबलावर घडला.

पॉलिसीचे कागद समोर आले. मी ते पोथीसारखे ओळीओळीने वाचतो. उत्साह नसला तरी सवय आहे. गाडी 350 सीसीच्या वरची, म्हणून पाच वर्षांच्या थर्ड पार्टी विम्याचा 2022 साली ठरलेला दर 15,117 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. तीच गाडी 350 च्या आत असती तर 7,365. हा दर सरकार ठरवते, त्यात घासाघीस नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा निराळा, एका वर्षाचा. मालकाचा 15 लाखांचा अपघात विमा निराळा.

नातू हिशेब मांडून वैतागला. "आबा, यातले सगळ्यात जास्त पैसे ज्याला जातात, त्याचा आपल्याला काही उपयोग नाही. आपली गाडी पडली, चोरीला गेली, तर यातून रुपया मिळत नाही."

"मग कोणाला मिळतो?"

"थर्ड पार्टीला."

"तो कोण?"

"कोण म्हणजे... रस्त्यावरचा कुणीही."

मराठीत त्याला नेमका शब्द आहे, तिऱ्हाईत. करार दोघांचा, मालकाचा आणि कंपनीचा. आणि पैसे ज्याच्यासाठी बाजूला ठेवायचे तो तिसराच. त्याची सही नाही, त्याला पॉलिसीचा पत्ताही नाही. तो आपला रस्त्याच्या कडेने चाललेला असतो.

मी नातवाला मृदंगबुवांचे सांगितले. त्याने त्यांना पाहिलेले नाही. शेजारच्या गावी काल्याचे कीर्तन झाले, मला पुढच्या गावी जायचे होते, म्हणून बुवा मृदंग घेऊन दोन कोस पायी घराकडे निघाले. मागून मोटारसायकल आली. चालवणारा दारू प्यालेला नव्हता, वाईटही नव्हता. शेतकऱ्याचा मुलगा, अंधार, खड्डा. बुवा दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेले. गाडीचा विमा आदल्या वर्षीच संपलेला होता. तेव्हा दरवर्षी नवा करावा लागे आणि करीत नसत. न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली, पण विमाच नाही म्हटल्यावर ती मालकाने भरायची. त्याच्याजवळ दीड एकर कोरडवाहू. पहिला हप्ता आला, पुढे काही आले नाही. बुवांच्या मंडळींनी लोकांच्या शेतात खुरपून दोन मुली उजवल्या. त्या मुलाचेही घर त्या दाव्यातच बसले. दोन घरांचे झाले ते शे-दोनशे रुपयांच्या एका कागदापायी.

अशी गाडी एकच नव्हती. देशभर बिनविम्याच्या दुचाकी इतक्या धावत होत्या की सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1 सप्टेंबर 2018 पासून नवी दुचाकी पाच वर्षांच्या तिऱ्हाईत विम्याशिवाय विकताच येत नाही. तिऱ्हाइताचा जीव गेला वा अपंगत्व आले तर न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम कंपनी देते, तिला वरची मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र दुचाकीसाठी एक लाखाची आहे.

वाचक माउलींनो, आपण जरा आपल्याकडे पाहू. आषाढीला अठरा-वीस दिवस, कार्तिकीला पुन्हा, आपण रस्त्यावर पायी असतो. 2019 च्या कार्तिकीला दिवे घाटात नामदेवरायांच्या दिंडीत जेसीबी शिरला, ते दुःख कोणी विसरलेले नाही. वारकऱ्यांसाठी 2023 साली सरकारने विमाछत्र योजना आणली, चांगले केले. पण प्रत्येक गाडीच्या पॉलिसीत जो तिऱ्हाईत लिहिलेला असतो, त्याच्या खांद्यावर पताका असते. ते पंधरा हजार वाया गेले म्हणणारा आपल्याच आजीला वाया म्हणत असतो.

नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने स्वतःच एजंटाला विचारले, "आणि मागे बसणाऱ्याचं काय?" प्रश्न बरोबर होता. नुसता तिऱ्हाईत विमा असेल तर मागे बसलेला त्यात धरला जात नाही, असे न्यायालयांचे निकाल आहेत. पूर्ण विम्यात तो येतो. वर मागच्याचा वेगळा अपघात विमाही थोड्या पैशांत मिळतो, फक्त तो मागून घ्यावा लागतो. एजंट आपण होऊन सांगत नाही. नातवाने दोन्ही घेतले. झिरो डेप नावाचे एक आहे, प्लॅस्टिक-रबराच्या भागांची निम्मी किंमत कापली जाऊ नये म्हणून, तेही घेतले. चाक फोडून कोणी आणून दिले तर उचलून आणण्याची सोय, किल्ली हरवल्याचा विमा, असले मी खोडायला लावले.

अपवादाचे कलम त्याला मोठ्याने वाचायला लावले. लायसन नसेल, मद्य घेतले असेल, शर्यत लावली असेल, तर कंपनी हात वर करते. "मित्राला चक्कर मारायला दिली तर?" त्याने विचारले. एजंट म्हणाला, लायसन असलेल्यालाच द्या. मी म्हटले, लायसन असले तरी देऊ नकोस.

गाडी गुरुवारी घरी आली. साडीगार्ड लावलेले आहे. पॉलिसी त्याच्या फोनमध्ये आहे, पण मी कागदावर छापून घेतली आणि पंचांगात ठेवली. स्वतःच्या नुकसानीचा विमा पुढच्या कार्तिक वद्यात संपतो, तेथे खूण केली आहे. तिऱ्हाइताचा पाच वर्षांनी संपेल. त्या सालचे पंचांग अजून निघालेले नाही, म्हणून ती तारीख नातवाच्या हाताने देवघराच्या फडताळावर आतून खडूने लिहून घेतली.