हळद निळी कशी झाली?

शनिवारी रावेतच्या फ्लॅटवर ताईची हळद होती, लग्न सोमवारचं. शूटिंग माझ्याकडे, हत्यार म्हणजे बाबांचा जुना कॅमकॉर्डर. (मोबाईल सगळ्यांकडे होते, पण बाबांच्या कॅमेऱ्याचा मान मोठा!) रात्री टीव्हीला लावून बघतो तर आजी निळसर दिसतेय. गेल्याच महिन्यात दवाखान्यातून घरी आलीये ती. म्हणाली, "मी अशी दिसते का रे?" आता काय बोलणार, कप्पाळ!

आधी लेन्स पुसली, मग टीव्हीची सेटिंग्ज बदलली. बग निघाला ऑटो व्हाइट बॅलन्समध्ये. ढोबळमानाने त्याचं लॉजिक असं, की फ्रेममधल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी यायला हवी. इथे ताई पिवळी, साड्या पिवळ्या, वर झेंडूच्या माळा. कॅमेऱ्याला वाटलं उजेडच पिवळा आहे, म्हणून त्याने पिवळा कापून निळा वाढवला. त्यात बाल्कनीतून ५५०० केल्विनच्या आसपासचा उजेड आणि हॉलमध्ये २७०० चा बल्ब. बिचारा करणार काय?

रंग दर शॉटला वेगळा बिघडलेला, त्यामुळे एडिटिंगचा नाद सोडला. रविवारी सकाळी बल्ब बंद केला, आजीला खिडकीपाशी बसवलं आणि तिच्या हातात कोरा कागद दिला. कागदावर फ्रेमभर झूम करून मॅन्युअल व्हाइट बॅलन्स लॉक केला. वाटीत थोडी हळद उरली होती. आजीने ती ताईच्या गालाला लावली.

या वेळी हळद पिवळी आली. आजीच्या हातावरचा सलाईनचा डाग मात्र निळाच दिसतोय. तो आहेच निळा. राहू दे.